बाळंतपणातील बोलणे : मराठी मुलखातील गरोदर स्त्री आणि तिच्या प्रसूतिसाहाय्यक

प्रसूतिसेवेचा इतिहास बहुधा हातांचा आणि हत्यारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. नाळ कोणी कापली, चिमटे केव्हा आले, रुग्णालय कोठे उघडले आणि किती माता दगावल्या, या प्रश्नांची उत्तरे दप्तरांतून काढता येतात, म्हणून त्यांचाच इतिहास होतो. गरोदर स्त्री आणि तिची सुटका करणारी व्यक्ती यांच्यात झालेले बोलणे दप्तरात क्वचितच उतरते, आणि उतरले तरी बोलणारीच्या शब्दांत नव्हे. तरीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मराठी मुलखात आणि मुंबई शहरात प्रसूतिसेवेत जे बदल घडले, त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी ही बाई आपले दुखणे कोणाला सांगेल, हाच प्रश्न होता, असे त्या काळच्या साक्षी, भाषणे, निबंध आणि कायदे एकत्र ठेवून पाहिले असता दिसते. प्रत्येक पिढीने या प्रश्नाला उत्तर म्हणून एक नवी मध्यस्थ स्त्री उभी केली. सांगणारी आणि ऐकणारी यांच्यातील मानाची उतरंड मात्र त्यामुळे मोडली नाही. ती अनेकदा नुसती उलटी झाली.

प्राचीन वैद्यकग्रंथांत या बोलण्याला उपचाराचेच स्थान आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराचे, म्हणजे बाळंतिणीच्या खोलीचे, वर्णन करताना तेथे कोणत्या स्त्रिया असाव्यात हेही सांगितले आहे: अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कामात कुशल आणि कष्टाला न कंटाळणाऱ्या. त्यांनी आसन्नप्रसवेला धीर द्यावा, कळ आलेली नसताना जोर करू नकोस असे बजावावे, कळ आल्यावर आधी हळू आणि मग जोराने कुंथण्यास सांगावे, आणि एकीने तिच्या कानात मंत्र म्हणावा, असा हा क्रम आहे. सुश्रुताने चौथ्या महिन्यापासून गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदये असलेली, म्हटले व तिच्या इच्छा या गर्भाच्याही इच्छा मानून त्या पुरवाव्यात असे सांगितले. ग्रंथातील हा विधी प्रत्यक्ष घराघरांत कितपत पाळला जाई हा वेगळा प्रश्न आहे. ग्रंथ लिहिणारे पुरुष वैद्य होते आणि खोलीतील बायकांनी तो वाचलेला नव्हता. पण गर्भिणीची इच्छा विचारणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे, ही कल्पना डोहाळ्यांच्या रूपाने लोकव्यवहारात पक्की रुजली होती. डोहाळे कसले लागले आहेत, हा प्रश्न सासुरवाशिणीला तिच्या आवडीनिवडीबद्दल विचारला जाणारा कदाचित एकमेव मान्यताप्राप्त प्रश्न होता, आणि तोही पोटातल्या मुलाच्या नावाने विचारला जाई.

घरच्या बाळंतपणाची खरी सूत्रधार सुईण होती. देशावर व कोकणात सुईण, शहरात आणि सरकारी कागदांत दाई, अशी तिची नावे होती. अनेक गावांत ती मांग, न्हावी यांसारख्या जातींतील असे, तर काही घरांत नात्यातीलच एखादी जाणती बाई हे काम करी. बाळंतपणाला सोयर लागत असल्यामुळे, म्हणजे जन्माचा विटाळ मानला जात असल्यामुळे, नाळ कापणे, वार पुरणे, बाळंतिणीचे कपडे धुणे ही कामे वरच्या जातींनी खालच्या जातींवर सोपवलेली होती. येथील संवादाचे स्वरूप समजून घेताना ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. सुईण आणि गरवार बाई एकाच बोलीत बोलत. दिवस जाणे, पोट उतरणे, पाणी जाणे, कळा मंदावणे, बाई अडणे, मूल आडवे येणे किंवा पायाळू येणे, या प्रत्येक अवस्थेला दोघींना ठाऊक असलेला शब्द होता, आणि तो उच्चारताना लाजण्याचे कारण नव्हते. परंतु सुईण या घरात कामाला आलेली होती. तिचे धान्य, लुगडे, चोळी ही घराच्या मर्जीवर होती. बाईच्या अंगावरून फार जात आहे हे तिच्या ध्यानात आले, तरी काय करायचे याचा निर्णय सासूचा, आणि वैद्याला बोलवायचे तर घरातील पुरुषाचा. पहिल्या बाळंतपणाला मुलीला माहेरी आणण्याची चाल या दृष्टीने फार शहाणपणाची होती, कारण तेथे सासूच्या जागी आई असे आणि मुलीला आईपुढे तोंड उघडता येई. स्वतः बाळंतीण मात्र दोन्ही घरांत निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत नव्हती.

ज्या स्त्रिया इतरांची बाळंतपणे करत त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणाचे काय होई, याची साक्ष मराठीत फार लवकर छापली गेली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ पाक्षिकात १८५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. मांग-महारांच्या दुःखांचे वर्णन करताना तिने आपल्या समाजातील स्त्रियांच्या बाळंतपणाचाही उल्लेख केला: घरावर धड छप्पर नाही, थंडीपावसात त्यांना काय सोसावे लागत असेल, आणि बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कोठून येणार. पुढील पन्नास वर्षे सुधारकांनी, मिशनऱ्यांनी आणि डॉक्टरांनी सुईणीविषयी जे लिहिले त्यात ती अडाणी, अस्वच्छ आणि घातकी ठरते. ती स्वतः कधीतरी बाळंत होत असेल हा विचार त्या लिखाणात फारसा आढळत नाही. मुक्ताच्या चार ओळींनी तो आधीच मांडून ठेवला होता.

फुले दांपत्याचा १८६३ मधील उपक्रम या इतिहासात एका वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. पुण्यात त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवेला पुनर्विवाहाची मुभा नसलेल्या जातींत तिला दिवस गेले तर गर्भपात, भ्रूणहत्या, आत्महत्या किंवा काशीची वाट, एवढेच मार्ग उरत. अशा स्त्रियांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असे आवाहन त्यांनी जाहीरपणे केले. रुग्णाची माहिती बाहेर फुटू न देणे हे आज वैद्यकीय नीतीचे प्राथमिक तत्त्व मानले जाते; येथे ते एका जाहिरातीचा मुख्य मजकूर होते. काय झाले, कोणाकडून झाले, हे सांगण्याची सक्ती नसणे हीच या गृहाची पहिली सेवा होती, आणि सुरक्षित प्रसूती ही त्यानंतरची. येथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने आणि प्रार्थनासमाजाच्या आश्रयाने याच स्वरूपाची संस्था निघाली. यात्रेच्या गावी परगावाहून आलेल्या बाईकडे कोणी विशेष लक्ष देत नाही, हे त्या जागेचे सोयीचे अंग होते.

विधवेला मौनाची हमी हवी होती, तर सधवेची अडचण नेमकी उलटी होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री-डॉक्टरांची मागणी केली आणि तिचे कारण बोलण्याच्या अडचणीत दाखवले: या देशातील स्त्रिया इतर देशांतील स्त्रियांपेक्षा अधिक संकोची आहेत, आपले दुखणे पुरुषाला सांगण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, आणि स्त्री-डॉक्टर नसल्यामुळे लाखो स्त्रिया अकाली मरतात, असे त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात हाच मुद्दा पुढे केला व त्याला एक महत्त्वाची जोड दिली, ती अशी की परपुरुषाकडून उपचार घेण्याची टाळाटाळ एतद्देशीय बायकांप्रमाणे युरोपीय बायकांतही असते. रमाबाईंनी ज्याला या देशाचे वैशिष्ट्य म्हटले त्याला आनंदीबाईंनी बाईपणाचे वैशिष्ट्य मानले. हा फरक बारीक असला तरी तो लक्षात घेण्याजोगा आहे, कारण पुढे इंग्रज राज्यकर्त्यांनी रमाबाईंचेच विधान उचलले आणि पडद्यातील असहाय हिंदी स्त्री हे त्यांच्या दानधर्माचे चित्र बनले. महाराष्ट्रातील बहुसंख्य स्त्रिया उत्तर हिंदुस्थानच्या अर्थाने पडद्यात नव्हत्याच; त्या शेतावर, बाजारात, पाणवठ्यावर उघड वावरत. त्यांना अडवणारी गोष्ट भिंत नसून लाज होती, आणि लाज रुग्णालयाला उंच कुंपण घातल्याने जात नाही.

आनंदीबाईंना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांतच दगावला होता. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. परदेशी शास्त्र शिकायला गेलेल्या विद्यार्थिनीने आपल्याकडील जुने ग्रंथ पुढे ठेवावेत, याचा अर्थ काही अभ्यासक देशाभिमान असा लावतात. तो खरा असला तरी अपुरा वाटतो. ज्या स्त्रियांना त्या उपचार करणार होत्या त्यांच्याशी बोलण्यासाठी त्यांच्या समजुतींची भाषा डॉक्टरला येणे आवश्यक आहे, असाही त्या निवडीचा अर्थ घेता येतो. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, पण काम सुरू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

मुंबईत याच सुमारास संस्था उभ्या राहू लागल्या. अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी निधी जमवला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली, आणि केवळ स्त्री-डॉक्टरांनी चालवायच्या रुग्णालयाची पायाभरणी १८८३ मध्ये होऊन ते १८८६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची या एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी लढलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी होत्या. या चळवळीतूनच ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले. तिकडे मध्य हिंदुस्थानातील पन्ना संस्थानच्या महाराणीने आपल्यावर उपचार करणाऱ्या एलिझाबेथ बीलबी यांच्याकरवी व्हिक्टोरिया राणीला निरोप धाडला होता, आणि १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी स्त्रियांसाठी स्त्री-वैद्यक पुरवणारा देशव्यापी निधी उभारला. रुग्ण बाई व डॉक्टरही बाई, एवढे झाले की प्रश्न सुटला, असे या सर्व योजनांचे गृहीतक होते. पण कामा रुग्णालयाच्या परिसरात मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी बोलणाऱ्या बायका येत, डॉक्टर इंग्रज असत, आणि मध्ये दुभाषी किंवा स्थानिक परिचारिका लागे. लिंगाची आडकाठी दूर झाली तिथे भाषेची आणि वर्गाची उघडी पडली. ज्यांनी ती काही अंशी ओलांडली त्यांत डॉ. रखमाबाईंचे नाव घ्यावे लागते. नको असलेला नवरा नाकारून न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई १८९४ मध्ये लंडनहून डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी जन्म घालवला. लग्न, लाज आणि समाजाची जीभ यांचा त्यांनी घेतलेला अनुभव त्यांच्या रुग्ण-स्त्रियांपेक्षा कमी नव्हता.

रुग्णालयांची संख्या थोडी आणि खेडी असंख्य, त्यामुळे सुईणीला टाळून पुढे जाणे कोणालाच शक्य नव्हते. लेडी कर्झन यांनी १९०३ मध्ये स्थापन केलेल्या व्हिक्टोरिया स्मारक निधीतून दायांना शिकवण्याचे वर्ग निघाले. स्वच्छ हात, उकळलेली कात्री, उगाच आत हात न घालणे, हे धडे निःसंशय आवश्यक होते आणि त्यांनी जीव वाचवले. मात्र या वर्गांत बोलणे एकाच दिशेने चाले: शिकवणाऱ्या बाईने सांगायचे, दाईने ऐकायचे. वर्गाला बसायचे तर त्या दिवसाची कमाई बुडते, ही दाईची साधी तक्रार अहवालांत तिचा आळस म्हणून नोंदली जाई. दाई जे सांगू शकली असती, म्हणजे कोणत्या घरात बाईला आठवडाभर भाकरी मिळत नाही, कोण कोणत्या भीतीने रुग्णालयाला घाबरते, त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

मराठी मध्यमवर्गाने या कामाला माणसे पुरवली ती पुण्याच्या सेवासदनातून. रमाबाई रानडे यांनी गो. कृ. देवधर यांच्या साहाय्याने १९०९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने ससून रुग्णालयात मुली व विधवा परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवल्या. त्या काळी परिचारिकेचे काम सुईणीच्याच कामाचे शिकलेले रूप मानले जाई, आणि ब्राह्मण विधवांनी परक्यांचे मलमूत्र काढावे ही कल्पना अनेकांना असह्य होती. सेवासदनाने या कामाला प्रतिष्ठा दिली हे त्याचे मोठे श्रेय आहे. पण प्रतिष्ठेसोबत अंतरही आले. पांढऱ्या लुगड्यातील शिकलेली ‘नर्सबाई’ खाटेवरील बाईपेक्षा बहुधा वरच्या जातीची आणि नेहमीच वरच्या अधिकाराची असे. सुईण घराचे ऐके. आता घराला नर्सबाईचे ऐकावे लागले. ज्या दिवशी प्रसूतिसाहाय्यक स्त्री सामाजिक उतरंडीत बाळंतिणीच्या खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर गेली, त्या दिवशी या संवादाचे व्याकरणच बदलले, आणि या बदलाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी मराठी समाजेतिहासात झालेली नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न आणखी वेगळ्या तऱ्हेने पुढे आला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका गिरण्यांत, विशेषतः वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत, काम करत. बाळंतपणाला गावी जायचे तर पगार बुडे आणि चाळीतच राहायचे तर आई जवळ नसे. १९२६ मध्ये परळला नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले ते याच वस्तीच्या मधोमध. डॉ. मार्गारेट बालफोर यांनी गिरणी-कामगार स्त्रियांमधील गरोदरपणातील तीव्र पांडुरोगाकडे, म्हणजे रक्तक्षयाकडे, लक्ष वेधले, आणि त्याचा छडा लावण्यासाठी डॉ. लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. हाफकिन संस्थेत काम करताना त्यांनी प्रयोगशाळेबरोबरच या बायका काय खातात, काय खात नाहीत, याचीही तपासणी केली. यीस्टच्या अर्काने, म्हणजे तेव्हा बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा पांडुरोग बरा होतो असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या घटकाने तो बरा होई त्याला आज फॉलिक आम्ल म्हणतात, आणि त्याच्या गोळ्या गरोदर बाईला जगभर दिल्या जातात. मुंबईच्या गरीब गर्भिणींना त्यांच्या रोजच्या जेवणाविषयी विचारलेले प्रश्न या शोधाचा भाग होते. डोहाळे विचारण्यापेक्षा तो फार निराळा, रोकडा प्रश्न होता. याच काळात मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ मध्ये कायदा झाला. गरोदरपण ही गिरणीला कळवायची आणि तिच्याकडून भरपाई मागायची गोष्ट ठरली.

छापील शब्दाचे क्षेत्र मात्र अजून बंदिस्त होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. शरीराविषयी मराठीत सरळ प्रश्न आणि सरळ उत्तर हा गुन्हा ठरू शकतो, हे ज्या समाजाने पाहिले त्या समाजात बाईने डॉक्टरपुढे गप्प राहावे यात नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाला धरून प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे आणि ‘एएनएम’ म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविका यांची साखळी उभी राहिली. कुटुंबनियोजनाची लक्ष्ये वाढत गेली तसतसा परिचारिकेच्या बोलण्यातील मोठा भाग शस्त्रक्रियेसाठी मन वळवण्यात खर्च होऊ लागला, आणि गावातील बाया तिला पाहताच दार लावून घेत. जामखेड येथे डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले तेव्हा बाहेरून आणलेली परिचारिका गावात रुजत नाही, हा अनुभव त्यांना लवकरच आला. म्हणून त्यांनी गावांनीच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित, स्त्रियांना शिकवले. ज्या बाईला पूर्वी सवर्णांच्या उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, तिच्याकडून त्याच घरातील सून गरोदरपणाची तपासणी करून घेऊ लागली. सुईणीच्या काळी जातीने खाली असलेली बाई सेवा देई आणि रुग्णालयात वर्गाने वर असलेली. येथे खाली मानली गेलेली बाई ज्ञानाच्या बळावर बरोबरीने बोलू लागली. भारतातील प्रसूतिसेवेतील सर्वांत मोठी उलथापालथ कोणत्याही यंत्राने नव्हे, तर या निवडीने घडवली असे म्हणण्यास जागा आहे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केल्यावर प्रथम काय केले, तर ऐकले. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीचा त्रास, या तक्रारी बायका एकमेकींना आणि दायांना सांगत होत्या. दवाखान्याच्या नोंदवहीत त्या नव्हत्या. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधीही स्त्रीरोगतपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. राणी बंग यांनी या स्त्रियांचे बोलणे पुढे ‘कानोसा’ या पुस्तकात मांडले. गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये जाहीर झाले. त्या प्रयोगाच्या यशाचे श्रेय सामान्यतः इंजेक्शन आणि श्वासनळीच्या साधनांना दिले जाते. पण सातव्या-आठव्या महिन्यापासून आरोग्यदूत गरोदर बाईच्या ओसरीवर बसून तिच्याशी आणि तिच्या सासूशी बोलत असे, हे त्यातले तितकेच आवश्यक अंग होते.

याच सुमारास एक विचित्र घटना घडली, ती म्हणजे डॉक्टर आणि गरोदर स्त्री यांच्यातील बोलण्यात कायद्याने थेट प्रवेश केला. गर्भजलपरीक्षेचा उपयोग मुलगी पाडण्यासाठी होऊ लागल्यावर मुंबईतील स्त्री-संघटनांनी मोहीम उभारली, महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला निर्बंधक कायदा केला, आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमाची रचना मननीय आहे. पहिल्या भागात तपासणीचे सर्व ज्ञात दुष्परिणाम गरोदर स्त्रीला समजावून सांगणे, तिला कळणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेणे आणि त्या संमतीची प्रत तिला देणे बंधनकारक केले; दुसऱ्या भागात गर्भाचे लिंग तिला, तिच्या नातेवाइकांना किंवा इतर कोणालाही शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने सांगण्यास मनाई केली. भारतीय वैद्यकात रुग्णाच्या भाषेचा इतका स्पष्ट आग्रह धरणाऱ्या कायद्यांत हा आधीचा आहे, आणि तोच डॉक्टरच्या तोंडाला कुलूपही घालतो. खूण हा शब्द कायदेकर्त्यांनी विचारपूर्वक घातला होता. तरीही मुलगा झाल्यावर पेढे आणि मुलगी झाल्यावर बर्फी किंवा जिलेबी वाटण्याच्या मराठी चालीने मिठाईच्या नावांनाच खुणा बनवले. दवाखान्याच्या दर्शनी भागी स्थानिक भाषेतील फलक लावण्याची सक्ती झाल्यामुळे महाराष्ट्रातील सोनोग्राफी केंद्रात पाऊल टाकणाऱ्या गरोदर स्त्रीला प्रथम भेटतो तो एक नकार.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ ही गावपातळीवरील स्वयंसेविका आणि संस्थेत बाळंत होणाऱ्या बाईला रोख मदत देणारी जननी सुरक्षा योजना एकाच वेळी आणल्या. घरचे बाळंतपण झपाट्याने संपले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत झाल्याचे आढळले, आणि २०१८-२० मधील माता-मृत्यूंचे प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ इतके, देशाच्या ९७ या सरासरीच्या जवळजवळ एक तृतीयांशावर आले. हे यश निर्विवाद आहे. त्याबरोबरच प्रसूतिकक्षातील खाट, वेळ आणि परिचारिका यांवरचा ताण वाढला, आणि ओरडणे, दरडावणे, काही न सांगता टाके घालणे, या तक्रारी सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासात विषय म्हणून दाखल झाल्या. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीची स्त्री जवळ ठेवण्यास परवानगी दिली. म्हणजे घरच्या बाळंतपणात जे न मागता मिळत होते त्यासाठी आदेश काढावा लागला.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारात भिल्ली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत प्रमाण मराठी हीच दुसरी आडकाठी ठरते, आणि तेथे आशा ही दुभाषी, जामीन आणि वाटाडी अशी तिहेरी भूमिका वठवते. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राच्या आवारात गरोदर बाईने नातेवाइकासह काही दिवस आधी येऊन राहावे म्हणून बांधलेल्या खोल्यांना शासनाने ‘माहेरघर’ असे नाव दिले. शहरात अंतर कमी करण्याचे काम दूरध्वनीकडे गेले. डॉ. अपर्णा हेगडे यांच्या ‘अरमान’ या मुंबईच्या संस्थेने २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘एम-मित्र’ सेवेत नोंदणी केलेल्या स्त्रीला तिच्या गरोदरपणाच्या आठवड्यानुसार तिच्या भाषेतील ध्वनिमुद्रित संदेश मोबाइलवर मिळू लागले, आणि मूल वर्षाचे होईपर्यंत ते चालू राहतात. वाचता न येणाऱ्या बाईला, तिने ठरवून दिलेल्या वेळी, तिच्याच भाषेत माहिती मिळणे ही मोठी सोय आहे. पण ध्वनिमुद्रित आवाजाला उलट प्रश्न विचारता येत नाही, आणि घरात मोबाइल बहुधा एकच व तो नवऱ्याकडे असतो. संदेशात ऐकलेले घरी कसे पटवायचे, लोहाच्या गोळीने मळमळते तर ती केव्हा घ्यायची, सासू सातव्या महिन्यात पपई खाऊ देत नाही तर काय करायचे, हे प्रश्न त्यानंतरही आशाताईकडे किंवा शेजारणीकडेच येतात, आणि आशाताईला अशा बोलण्यासाठी वेगळा मोबदला नसून तिच्या भेटी आणि संस्थेत झालेल्या प्रसूती मोजल्या जातात.